संगणक बदलला, दिवे मात्र विझेनात

वाशीम : मोटारीच्या डॅशबोर्डवर पेटलेला पिवळा दिवा हा आता केवळ महानगरांतील वाहनधारकांच्या चिंतेचा विषय राहिलेला नाही. वाशीम, कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर आणि मानोरा या सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यातही आज इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक नसलेली नवी मोटार विकत मिळत नाही. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. या जिल्ह्यातून जाणाऱ्या त्या रस्त्यावर हलक्या वाहनांना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. अशा रस्त्यावर इंजिनाची ताकद अचानक कमी झाली आणि डॅशबोर्डवर चार दिवे एकदम पेटले, तर प्रश्न गैरसोयीचा न राहता जिवाचा होतो.

या दिव्यांमागील सर्वांत गुंतागुंतीचा प्रकार उद्भवतो तो इंजिनाचा संगणक, म्हणजेच ‘ईसीयू’, बदलल्यानंतर. जुना संगणक निकामी ठरतो, दुसरा बसविला जातो, गाडी सुरूही होते. परंतु ‘चेक इंजिन’चा दिवा विझत नाही. कधी त्याच्या सोबतीला एबीएसचा दिवा येतो, कधी किल्लीची खूण लुकलुकत राहते, तर कधी गाडी सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडते. ग्राहकाला वाटते, आपल्याला सदोष वस्तू विकली गेली. मिस्त्रीला वाटते, एखादा सेन्सर गेला असावा. मग एकामागून एक सेन्सर बदलले जातात, बिल वाढत जाते आणि दिवा तसाच राहतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा कारभार असतो. हा दोष कोणा एका गॅरेजचा नाही. त्यामागे तंत्रज्ञान, प्रशिक्षण आणि माहितीवरील मालकी अशा तीन गोष्टी गुंतलेल्या आहेत.

कार्बोरेटर ते संगणक

पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसिडरच्या काळात इंजिनाचा बिघाड कानाने ओळखला जात असे. कार्बोरेटर उघडायचा, जेट साफ करायचे, प्लग घासायचे आणि गाडी मार्गी लावायची, हे कौशल्य गुरूकडून शिष्याकडे जात होते. प्रदूषणाच्या निकषांनी हे चित्र बदलले. भारत स्टेज-२ निकष १ एप्रिल २००५ पासून देशभर लागू झाले, स्टेज-३ निकष १ एप्रिल २०१० पासून, स्टेज-४ निकष १ एप्रिल २०१७ पासून आणि स्टेज-६ निकष १ एप्रिल २०२० पासून. प्रत्येक टप्प्यागणिक इंधनाचा थेंब न् थेंब मोजून देण्याची जबाबदारी यंत्राकडून संगणकाकडे सरकत गेली.

याच प्रवासात गाडीने स्वतःच स्वतःची तपासणी करण्याची ‘ओबीडी’ ही व्यवस्था सक्तीची झाली. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून तिची दुसरी आवृत्ती सर्व मोटारींना अनिवार्य करण्यात आली होती. भारतात ती स्टेज-४च्या काळात टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल २०२३ पासून स्टेज-६च्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष रस्त्यावरील धुराच्या निकषांसह अधिक काटेकोर झाली. स्टीअरिंगच्या खाली असलेला सोळा पिनांचा जोड हे या व्यवस्थेचे दार होय. ‘चेक इंजिन’चा दिवा म्हणजे त्या दारावरची घंटा. घंटेची तार तोडली म्हणून आलेला पाहुणा परत जात नाही, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते.

दिव्यांची भाषा

डॅशबोर्डवरील खुणांना आंतरराष्ट्रीय मान्यतेचे संकेत आहेत. तांबडा दिवा म्हणजे गाडी सुरक्षितपणे थांबवा. पिवळा म्हणजे लवकर तपासून घ्या. हिरवा व निळा केवळ माहितीसाठी. तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा चालू इंजिनावर पेटला तर इंजिन तत्काळ बंद करणे हाच एकमेव उपाय. ‘परवाच संगणक बदलला आहे, त्याचाच काही तरी घोळ असेल’ असे समजून पुढे जाणाऱ्याचे इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकते. अनेक गाड्यांमध्ये हा दिवा साध्या दाब-स्विचवर चालतो आणि त्याचा नव्या संगणकाशी संबंध नसतो. बॅटरीच्या चिन्हाचा तांबडा दिवा चार्जिंग होत नसल्याचे सांगतो. पेट्रोल गाडीत ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन न जळता बाहेर पडत असून धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होण्याचा धोका आहे, असा त्याचा अर्थ होतो.

आणखी एक साधी कसोटी बहुतेक वाहनधारक विसरतात. किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हे दिवे काही क्षण पेटलेच पाहिजेत. ती दिव्यांची स्वतःची परीक्षा असते. ‘चेक इंजिन’चा दिवा त्या वेळीही पेटत नसेल, तर बहुधा संगणकाला वीजच मिळत नाही, त्याचा डॅशबोर्डशी संवाद तुटला आहे किंवा कोणी तरी दिवाच काढून टाकला आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने ही परीक्षा पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

नवा संगणक, जुनी गाडी

संगणक बदलल्यावर दिवे का पेटतात, हे समजण्यासाठी आजची मोटार म्हणजे एक यंत्र नसून अनेक संगणकांचे एक कुटुंब आहे, हे लक्षात घ्यावे लागते. इंजिन, एबीएस, एअरबॅग, स्टीअरिंग, डॅशबोर्ड आणि किल्ली ओळखणारा इमोबिलायझर हे सारे ‘कॅन’ नावाच्या दोन तारांच्या जाळ्यावरून एकमेकांशी सतत बोलत असतात. बॉश या जर्मन कंपनीने १९८६ साली ही पद्धत जगापुढे मांडली. या कुटुंबात नवा सदस्य आला की बाकीचे त्याची ओळख विचारतात. त्याच्या स्मृतीत गाडीचा चासी क्रमांक नसेल, किल्लीचा संकेत जुळत नसेल किंवा गाडीला एबीएस आहे की नाही, गिअर हाताचे आहेत की स्वयंचलित, हे त्याला सांगितलेले नसेल, तर तक्रारी सुरू होतात. म्हणूनच इंजिनाचा संगणक बदलल्यावर एबीएसचा दिवा पेटतो. ब्रेकमध्ये दोष नसतो. एबीएसला इंजिनाकडून अपेक्षित असलेली माहिती मिळत नसते. दिवा पेटलेला असेपर्यंत मात्र एबीएसचे संरक्षण मिळणार नाही, असेच धरून चालले पाहिजे.

डिझेल गाड्यांचे प्रकरण अधिक नाजूक. कॉमन रेल इंजिनातील प्रत्येक इंजेक्टरवर त्याच्या मोजमापातील सूक्ष्म फरक सांगणारा संकेत कोरलेला असतो. तो नव्या संगणकात भरला नाही, तर इंजिन खडखडते, धूर वाढतो. स्टेज-६च्या डिझेल गाडीत काजळी अडविणारी गाळणी असते. तीत किती काजळी व राख साचली आहे याचा हिशेब जुन्या संगणकात असतो. तो हिशेब नव्यात उतरविला नाही, तर गाळणी भरलेली असूनही संगणक तिला रिकामी समजतो किंवा याच्या उलट घडते. पेट्रोल गाडीत थ्रॉटलची शून्य-स्थिती आणि क्रँकशाफ्टच्या फिरण्यातील बारीक फरक नव्या संगणकाला शिकवावे लागतात. हे सारे पाना-स्क्रूड्रायव्हरने होणारे काम नाही.

निदानाचा क्रम

या गोंधळातून मार्ग काढण्याचा एक निश्चित क्रम आहे आणि तो पाळला तर निम्मा खर्च वाचतो. पहिला प्रश्न, जुना संगणक का गेला? संगणक सहसा आपोआप मरत नाही. पावसाचे पाणी, उंदराने कुरतडलेले वायरिंग, शॉर्ट झालेली इग्निशन कॉइल, बॅटरी न काढता केलेले वेल्डिंग किंवा चोवीस व्होल्टच्या मालमोटारीवरून बारा व्होल्टच्या मोटारीला दिलेला ‘जंप स्टार्ट’ ही त्याची नेहमीची कारणे. मूळ कारण शोधल्याशिवाय बसविलेला दुसरा संगणकही त्याच वाटेने जातो.

दुसरी पायरी वीजपुरवठ्याची. स्थिर अवस्थेतील निरोगी बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांमध्ये हा आकडा १३.५ ते १४.५च्या दरम्यान असतो. तो कमी असेल किंवा संगणकाची अर्थिंगची तार गंजलेली असेल, तर एकाच वेळी पाच-सहा संगणक खोट्या तक्रारी नोंदवितात. अनेक दिवे एकदम पेटण्यामागे अनेक दोष नसून बहुधा एकच दोष असतो आणि तो पुष्कळदा बॅटरीत किंवा अर्थिंगमध्ये सापडतो.

तिसरी पायरी स्कॅनरची. येथे बहुतेकांची गल्लत होते. स्वस्तातला स्कॅनर केवळ इंजिनाचे सर्वसाधारण संकेत वाचतो. संगणक बदललेल्या गाडीत मात्र सर्व संगणकांतील नोंदी वाचणे आवश्यक असते. या नोंदींचे पहिले अक्षर विभाग सांगते : ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअर, ‘सी’ म्हणजे चासी, ‘बी’ म्हणजे बॉडी आणि ‘यू’ म्हणजे संगणकांमधील संवाद. संगणक बदलल्यानंतरचे काही संकेत ठरलेले आहेत. पी-०६०२ म्हणजे संगणकात गाडीची माहिती भरलेली नाही. पी-०६३० म्हणजे चासी क्रमांक भरलेला नाही किंवा जुळत नाही. पी-०६३३ म्हणजे किल्लीची ओळख पटलेली नाही. पी-०३१५ म्हणजे क्रँकशाफ्टचा फरक शिकविलेला नाही. यू-०१०० म्हणजे इतरांचा इंजिनाच्या संगणकाशी संवाद तुटला आहे. यांपैकी पहिले चार संकेत आले, तर एकही सेन्सर बदलण्यापूर्वी संगणकात योग्य माहिती भरणे आणि शिकवणी पूर्ण करणे हेच काम आधी करायचे असते.

यू-०१०० आला, तर चौथी पायरी जाळ्याच्या तपासणीची. बॅटरी काढून जोडाच्या सहाव्या आणि चौदाव्या पिनमध्ये मल्टीमीटरने रोध मोजला, तर बहुतेक गाड्यांत तो ६० ओहम भरतो; कारण जाळ्याच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक असतो. मीटरने १२० दाखविले तर एक टोक तुटले आहे, शून्याच्या जवळ दाखविले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. काही गाड्यांत यांपैकी एक रोधक इंजिनाच्या संगणकातच बसविलेला असतो. त्यामुळे दिसायला सारखा, पण वेगळ्या क्रमांकाचा संगणक बसविला की हा आकडा बदलतो आणि सारे कुटुंब अबोला धरते. ही तपासणी एअरबॅगच्या तारांवर मात्र साध्या मीटरने कधीही करू नये. मीटरच्या विजेनेही एअरबॅग फुटण्याचा धोका असतो.

शेवटची पायरी धीराची. नोंदी पुसल्या की दिवा विझतो. पण दोष गेला असे त्यावरून ठरत नाही. नोंदी पुसताना गाडीची आत्मपरीक्षणेही शून्यावर येतात आणि ती पुन्हा पूर्ण होण्यासाठी थंड इंजिनापासून शहरात व महामार्गावर अशी काही दिवसांची धाव लागते. दोष खरोखरच दूर झाला असेल, तर सर्वसाधारणपणे सलग तीन दोषरहित फेऱ्यांनंतर संगणक दिवा स्वतःच विझवितो. गॅरेजच्या दारात विझलेल्या दिव्यापेक्षा आठवड्याभरानंतरही न पेटलेला दिवा अधिक विश्वासार्ह समजावा.

जुन्या बाजाराचा मोह

नव्या संगणकाची किंमत अनेक जुन्या गाड्यांच्या बाजारभावाच्या मानाने इतकी जास्त असते की, मोडीत निघालेल्या गाडीचा संगणक बसविण्याकडे ओढा असणे स्वाभाविक आहे. त्यात सर्वस्वी गैर काही नाही. मात्र वापरलेला संगणक आपल्यासोबत दुसऱ्या गाडीचा चासी क्रमांक, दुसऱ्या किल्लीचा संकेत आणि कधी दुसऱ्या इंजिनाची आज्ञावली घेऊन येतो. काही कंपन्यांचे संगणक एकदा एका गाडीशी बांधले गेले की दुसरीकडे स्वीकारलेच जात नाहीत. भागाचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळविणे, जुना संगणक उघडता येत असल्यास त्यातील माहिती नव्यात उतरविणे आणि तो कोठून आला याची पावती घेणे, या तीन गोष्टी टाळल्या तर स्वस्त वस्तू महागात पडते. चोरीच्या गाडीचे भाग अशाच वाटेने बाजारात येतात, हेही विसरता येत नाही.

यापेक्षा घातक प्रकार म्हणजे आज्ञावलीत फेरफार करून दिवाच कायमचा मुका करणे. पीयूसी केंद्रावर मुख्यतः पेट्रोल गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन आणि डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजली जाते. डॅशबोर्डवर न पेटणारा दिवा तेथे सहजी लक्षात येत नाही. परिणामी कागदोपत्री निर्दोष असलेली गाडी रस्त्यावर मात्र विष ओकत राहते. त्याची किंमत गाडीमालकासोबत रस्त्याकडेच्या प्रत्येक घराला मोजावी लागते.

माहितीची मक्तेदारी

मिस्त्रीने हा सारा क्रम शिकून घेतला, तरी एक भिंत उरतेच. किल्ली जुळविणे आणि आज्ञावली भरणे यासाठी लागणारी कंपनीची साधने व संकेत अधिकृत सेवा केंद्राबाहेर सहजी मिळत नाहीत. हा प्रश्न देशात नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना न देता कंपन्यांनी स्पर्धेला बाधा आणली, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिले आणि प्रकरण न्यायालयीन वाटेने गेले. परंतु स्वतंत्र मिस्त्रीला माहिती मिळाली पाहिजे, हे तत्त्व त्या आदेशाने प्रथमच ठळकपणे नोंदविले गेले.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल व टॅब, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही चार क्षेत्रे तिने निवडली. २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू झाले. मात्र संकेतस्थळावर माहिती ठेवणे आणि ती देणे कायद्याने बंधनकारक करणे यांत मोठे अंतर आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली मतदानाद्वारे मोटारींसाठी असा कायदाच केला आणि कंपन्यांना स्वतंत्र गॅरेजांनाही वाजवी दराने निदानाची माहिती द्यावी लागली. वाहनचोरी रोखण्यासाठी किल्लीचे संकेत जपले पाहिजेत, हा कंपन्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. त्यावर नोंदणीकृत व ओळख पटविलेल्या तंत्रज्ञांनाच प्रवेश देण्याचा मार्ग निघू शकतो. चोराच्या भीतीने साऱ्या गावाला घराबाहेर ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

वाशीमसारख्या जिल्ह्याला या अंतराची झळ अधिक बसते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला आणि २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेला हा जिल्हा आजही अनेक मोठ्या सेवांसाठी अकोला, अमरावती किंवा नागपूरकडे पाहतो. वाशीम ते अकोला हे अंतर सुमारे ८० किलोमीटरचे. सुरूच न होणारी गाडी तेथवर ओढून नेण्याचे भाडे, दिवसाची मजुरी आणि पुन्हा आणण्याचा खर्च धरला, तर किल्ली जुळविण्याचे अर्ध्या तासाचे काम किती महाग पडते, याचा हिशेब ज्याचा त्याला मांडता येईल. ज्याची मोटार हेच पोटापाण्याचे साधन आहे, त्या भाड्याच्या गाडीच्या चालकाला तर हे दिवस परवडणारेच नसतात.

ग्राहकाच्या हाती काय?

तोपर्यंत ग्राहकाने स्वतःचे हित जपणे भाग आहे. संगणक बदलण्यापूर्वी सर्व नोंदींची छापील किंवा मोबाइलवरील प्रत मागावी. जुना संगणक परत घ्यावा. तो दुरुस्त होण्याजोगा असू शकतो आणि त्यातील माहितीची गरज पुढे भासते. बिलावर नव्या संगणकाचा क्रमांक, तो नवा आहे की वापरलेला आणि हमीची मुदत लिहून घ्यावी. काम झाल्यावर पुन्हा सर्व संगणकांच्या नोंदी वाचून घ्याव्यात. प्रचलित मोटार विम्यात यांत्रिक वा विद्युत बिघाड सहसा वगळलेला असतो. पुरात गेलेल्या संगणकासाठी पूरक संरक्षण घेतले आहे की नाही, हे पावसाळ्यापूर्वीच तपासावे.

फसवणूक झालीच, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. परंतु आयोगापुढे तोंडी कैफियत टिकत नाही. पावती आणि नोंदीच टिकतात. पावतीविना स्वस्तात काम करून घेण्याची सवय अशा वेळी ग्राहकाच्याच अंगाशी येते.

आयटीआयमधील ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून दरवर्षी तरुण बाहेर पडतात. त्यांच्या हाती पान्याबरोबर सर्व संगणक वाचणारा स्कॅनर आणि त्याचा अर्थ लावण्याचे शिक्षण दिले, जुन्या मिस्त्रींसाठी अल्प मुदतीचे वर्ग चालविले आणि कंपन्यांकडील माहिती कायद्याने खुली केली, तर या जिल्ह्यातच या कामातून चांगला रोजगार उभा राहू शकतो. वीस वर्षे कार्बोरेटर उघडलेल्या हातांना नवे शिकण्याची बुद्धी नाही, असे मानण्याचे कारण नाही. त्यांना शिकण्याची सोयच मिळालेली नाही. समृद्धी महामार्गाने वाशीमच्या गाड्यांना वेग दिला. त्या गाड्या बिघडल्यावर गावातच सुधाराव्यात, एवढी व्यवस्था उभी करण्याची जबाबदारी आता सरकार, कंपन्या आणि प्रशिक्षण संस्था यांची आहे. तोवर डॅशबोर्डवरील पिवळ्या दिव्यावर काळी पट्टी चिकटविण्याचा सोपा मार्ग अनेकांना मोहात पाडत राहील आणि त्या पट्टीआड दडलेल्या दोषाची गाठ एखाद्या दिवशी भर वेगात पडेल.